राडहूस घेतलंत? स्वीडनमधलं छोटं दुमजली घर नॉर्डिक पद्धतीने सजवताना

गोथेनबर्ग, स्टॉकहोम, माल्मो या भागांत नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबं काही वर्षं भाड्याच्या फ्लॅटमध्ये काढतात आणि मग बहुतेकांची नजर राडहूसकडे वळते. एकमेकांना चिकटून ओळीने उभी असलेली दुमजली घरं, पुढे-मागे छोटीशी बाग. १९६५ ते १९७४ या दहा वर्षांत इथे दहा लाख घरं बांधण्याचा सरकारी कार्यक्रम झाला, त्यातली साधारण एक तृतीयांश अशी छोटी घरं होती. म्हणून आज विकायला निघणारं राडहूस बरेचदा त्याच काळातलं असतं. खाली स्वयंपाकघर आणि बैठकीची खोली, वर दोन-तीन झोपायच्या खोल्या, मधून अरुंद जिना. खिडक्या फक्त पुढे आणि मागे, कारण दोन्ही बाजूंना शेजारी. त्यामुळे घराचा मधला पट्टा कायम अंधारा.

असं घर आम्ही सजवलं आणि नंतर ओळखीतल्या अनेकांना सजवायला मदत केली. त्यावरून ठामपणे सांगते, कामाचा क्रम उजेडापासून लावा: आधी उजेड, मग भिंती, मग जमीन, मग दिवे, आणि फर्निचर या सगळ्यानंतर. गोथेनबर्गमध्ये डिसेंबरच्या शेवटी दिवस जेमतेम साडेसहा तासांचा असतो आणि जूनमध्ये सुमारे अठरा तासांचा. इथल्या घरांच्या फिकट भिंती, मोकळ्या खिडक्या आणि कोपऱ्याकोपऱ्यात लावलेले छोटे दिवे हे सगळं याच दोन टोकांतून आलेलं आहे. हे लक्षात ठेवलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करते. नॉर्डिक म्हणजे सगळं पांढरं आणि करडं, असं मोबाइलवरचे फोटो पाहून वाटतं. डालार्ना प्रांतात सुंडबोर्नला चित्रकार कार्ल लार्सन आणि त्यांची पत्नी कारिन यांचं घर आजही पाहता येतं. तिथे लाल, हिरवा, पिवळा रंग भरभरून आहे आणि कारिनने स्वतः विणलेली कापडं आहेत. स्टॉकहोमच्या स्वेन्स्क्ट टेन या १९२४ साली सुरू झालेल्या दुकानासाठी डिझायनर योसेफ फ्रांक यांनी काढलेली पानाफुलांची कापडं तर पैठणीच्या शेजारी ठेवली तरी फिकी पडणार नाहीत. तेव्हा आपल्या रंगांना इथे जागा आहे. ती कुठे आणि किती, एवढंच ठरवायचं.

हाताशी काय असावं

कागदपत्रं:
- घराचा नकाशा, मापांसकट. एजंटाच्या जाहिरातीतला असतो, पण त्यातली मापं टेपने पुन्हा तपासा.
- खरेदीच्या वेळचा तपासणी अहवाल. ओल, छप्पर, न्हाणीघर यांबद्दल त्यात काय लिहिलंय ते शांतपणे पुन्हा वाचा.
- घर बोस्टाड्सरेट प्रकारचं असेल, म्हणजे सोसायटीच्या मालकीत तुमचा राहण्याचा हक्क असेल, तर सोसायटीची नियमावली.
- न्हाणीघराचं काम आधीच्या मालकाने केलं असेल तर त्याचं वॉटरप्रूफिंगचं प्रमाणपत्र.
- घराच्या विम्याची कागदपत्रं आणि बँक-आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख पटवायचं ॲप.

हत्यारं: टेप, लेव्हल, ड्रिल, स्क्रूड्रायव्हरचा संच, भिंत खरवडायची पट्टी, पुट्टी, सँडपेपर, रोलर आणि लांब दांडा, मास्किंग टेप, जमिनीवर अंथरायचा जाड कागद. बिल्तेमा, युला, क्लास ओल्सन यांपैकी कुठेही मिळतील. एकदाच लागणारं मोठं यंत्र, उदाहरणार्थ जमीन घासायचं, विकत न घेता भाड्याने आणा.

१. आधी परवानगी आणि पैसे

घराची मालकी पूर्णपणे तुमची असेल तर आतल्या सजावटीला कुणाला विचारावं लागत नाही. बोस्टाड्सरेट असेल तर रंग, वॉलपेपर, जमिनीचं आवरण हे तुमचं तुम्ही करू शकता. भार पेलणारी भिंत, पाण्याचे किंवा रेडिएटरचे पाइप, हवा खेळती ठेवणारे डक्ट यांना हात लावायचा असेल तर सोसायटीच्या समितीची लेखी परवानगी घ्या. स्वयंपाकघर आणि बैठक एक करायची हौस सगळ्यांना असते. ती मधली भिंत भार पेलते की नाही, हे फक्त ठोकून ठरवू नका. जाणकाराला दाखवा.

पैशांच्या बाबतीत रॉट वजावट, म्हणजे घरदुरुस्तीच्या मजुरीवरची करसवलत, समजून घ्या. रंगारी, सुतार, इलेक्ट्रिशियन यांच्या मजुरीवर नेहमीच्या नियमाप्रमाणे ३० टक्के सूट मिळते, माणशी वर्षाला जास्तीत जास्त ५०,००० क्रोनर. सूट फक्त मजुरीवर असते, सामानावर नाही, म्हणून कोटेशनमध्ये दोन्ही रकमा वेगळ्या मागा. घर अगदी नवं असेल तर पहिली पाच वर्षं ही सूट नसते. काम करणाऱ्या कंपनीकडे एफ-स्कॅट, म्हणजे व्यवसायाचा कर स्वतः भरण्याची कर खात्याची मान्यता, असायलाच हवी.

नव्याने आलेल्यांसाठी इथे मोठी मेख आहे. ही सूट म्हणजे तुमच्या करातून होणारी कपात. वर्षाच्या मध्यात देशात आलात, किंवा घरातल्या एकाचीच नोकरी आहे आणि दुसऱ्याचं उत्पन्न नाही, तर त्या वर्षी तुमचा कर पुरेसा भरलेला नसतो आणि नंतर उरलेली रक्कम परत मागितली जाते. काम ठरवण्याआधी कर खात्याच्या संकेतस्थळावर आपल्या पानावर लॉगिन करून किती वजावट शिल्लक आहे ते बघा, आणि आपला भरलेला कर त्याला पुरेल का याचा हिशेब करा. टक्केवारी सरकार मधूनमधून बदलतं, त्यामुळे चालू वर्षाचा आकडाही तिथेच पाहा.

२. रिकाम्या घरात उजेड बघा

सामान यायच्या आधी एक सुट्टीचा दिवस घरात काढा. नकाशाची प्रत घ्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी ऊन कुठे पोहोचतं ते पेन्सिलीने रेखाटा. उन्हाळ्यात घर मिळालं असेल तर ध्यानात ठेवा, हिवाळ्यात सूर्य क्षितिजाच्या अगदी जवळून सरकतो. ऊन खोलीत खोलवर आडवं येतं, पण थोडा वेळच, आणि समोरच्या घराने अडवलं तर येतच नाही.

या नकाशावरून तीन गोष्टी ठरतात. जेवणाचं टेबल किंवा काम करायची जागा उजेडाच्या खिडकीशी. टीव्ही आणि पुस्तकांची कपाटं मधल्या अंधाऱ्या पट्ट्यात. आणि खिडकीच्या बरोबर समोरच्या भिंतीवर आरसा. आरशाचा हा उपयोग इथे फार जुना आहे. अठराव्या शतकाच्या अखेरच्या काळातल्या गुस्ताव्हियन शैलीच्या घरांत भिंतीवरच्या मेणबत्तीमागे आरसा असायचा, म्हणजे एका ज्योतीचा उजेड दुप्पट व्हायचा. मधल्या पट्ट्यात अर्ध्या माणसाएवढा आरसा लावला की फरक त्याच दिवशी दिसतो.

जाड पडदे या टप्प्यावर घेऊ नका. खालच्या मजल्यावर इथे बहुतेक घरांत पातळ सुती किंवा लिननचे पडदे खिडकीच्या दोन कडांना असतात आणि मधली काच मोकळी राहते. रस्त्यावरून घरातलं दिसतं याचा सुरुवातीला संकोच वाटतो. काचेच्या खालच्या अर्ध्या भागावर धुरकट फिल्म लावली की आडोसाही मिळतो आणि उजेडही येतो.

३. भिंती आणि छत

रंगाच्या दुकानात इथे एनसीएस नावाच्या पद्धतीचे क्रमांक चालतात. एस ०५०२-वाय हा पांढरा सर्वांत ओळखीचा, लोक त्याला 'स्टॉकहोम पांढरा' म्हणतात. क्रमांकातले पहिले दोन अंक काळेपणा दाखवतात, पुढचे दोन रंगाची तीव्रता आणि वाय म्हणजे पिवळसर छटा. एस ०५००-एन हा छटा नसलेला पांढरा. उत्तरेकडच्या खोलीत येणारा उजेड निळसर असतो, तिथे एन लावला तर भिंत थंड, करडी दिसते. तिथे वाय घ्या, किंवा आणखी थोडा उबदार, मातकट रंग. दक्षिणेच्या खोलीत थोडा करडा किंवा हिरवट रंगही खुलतो.

छोटा डबा घेऊन मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात द्या आणि तो पुठ्ठा वेगवेगळ्या भिंतींवर, वेगवेगळ्या वेळी धरून बघा. दुकानातल्या बोटभर नमुन्यावरून ठरवू नका.

डब्यावर 'ग्लान्स' असा आकडा असतो, म्हणजे चकाकी. छताला २ किंवा ३, भिंतीला ५ ते ७, दारं-खिडक्यांच्या चौकटींना ३० ते ४०. जास्त चकाकीचा रंग भिंतीवर लावला तर आडव्या उन्हात प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. लहान मुलं असतील तर जिन्याच्या भिंतीला ७ घ्या, पुसायला बरा पडतो.

सत्तरच्या दशकातल्या घरांत छताला किंवा एखाद्या भिंतीला पाइनच्या पट्ट्या असतात, आता मधासारख्या पिवळ्या झालेल्या. त्यांना थेट पांढरा रंग देऊ नका. लाकडातल्या गाठींमधून राळ बाहेर येते आणि काही महिन्यांत पांढऱ्यावर तपकिरी ठिपके उमटतात. आधी धुणं, मग हलकं घासणं, मग गाठी रोखणारा प्रायमर आणि त्यानंतर रंग. आणि हेही सांगते: सगळंच लाकूड पांढरं करायची गरज नाही. भिंती फिकट झाल्या की पाइनचं छत छान ऊब देतं.

खिडकीच्या वर किंवा भिंतीत हवा येण्यासाठी बारीक झडपा असतात. रंगवताना त्या बुजवू नका, थंडी येते म्हणून कापडही कोंबू नका. स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून हवा बाहेर खेचली जाते, तिची भरपाई या झडपांतून होते. त्या बंद झाल्या की काचांवर पाणी जमतं आणि कोपऱ्यांत बुरशी धरते.

रंगकाम मे ते सप्टेंबरमध्ये उरका. खिडक्या उघड्या ठेवता येतात आणि रंग नीट वाळतो.

४. जमीन

वरच्या मजल्यावर प्लास्टिकच्या चटईखाली अस्सल पाइनची जमीन सापडली तर तिच्याइतकं सुंदर काही नाही. पण ती चटई उपटायची घाई करू नका. ऐंशीच्या आधीच्या घरांत जुन्या चटया, फरश्या आणि त्यांखालचा गोंद यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. तुकडा तपासणीला पाठवा आणि निकाल येईपर्यंत खरवडणं, घासणं काहीही नको. ॲस्बेस्टॉस निघालं तर ते काढायचं काम परवाना असलेल्यांचंच.

पाइन उघडी केल्यावर ती घासून, फिकट राहावी म्हणून ल्युट नावाचं क्षारयुक्त द्रावण लावून, मग जवसाच्या किंवा पाइनच्या तेलापासून केलेल्या द्रवरूप साबणाने पुसायची पद्धत आहे. दर पुसण्याबरोबर लाकूड मुरत जातं. झोपायच्या खोल्यांना हे उत्तम. स्वयंपाकघरात अजिबात नको. साबणाने मुरवलेल्या लाकडावर हळद पडली की डाग आत जातो, आपल्या घरात हे रोजचं. तिथे टाइल, अस्सल लिनोलियम किंवा चांगलं लॅमिनेट टाका. ओट्यालाही हाच नियम. ओकचा लाकडी ओटा फोटोत सुरेख दिसतो, पण रोज फोडणी होणाऱ्या घरात लॅमिनेट किंवा दगड घ्या आणि लाकडाची हौस टेबलावर भागवा.

खालच्या मजल्यावर पार्केट, म्हणजे लाकडी पट्ट्यांची जमीन, असेल तर ते किती वेळा घासलं गेलंय ते विचारा. वरचा अस्सल लाकडाचा थर पातळ असतो आणि संपला की पुन्हा घासता येत नाही.

जमिनीवर ट्रासमाट्टा अंथरा. जुन्या कपड्यांच्या पट्ट्या फाडून हातमागावर विणलेल्या या लांब सतरंज्या म्हणजे आपल्या गोधडीच्या चुलतबहिणीच. खाली न घसरणारी जाळी घाला. अरुंद खोलीत आडव्या पट्ट्यांची सतरंजी रुंदी वाढवल्यासारखी दिसते.

५. दिवे

या टप्प्यावर वेळ आणि पैसे दोन्ही मोकळ्या हाताने घाला. आपल्याकडे खोलीच्या मध्यभागी एक ट्यूबलाइट लावली की काम झालं, आणि इथे येऊन बरेच जण तेच करतात: छतावर एक झगझगीत पांढरा एलईडी. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत त्या उजेडात बसून डोकं जड होतं.

इथली रीत अशी: एका खोलीत पाच-सहा लहान दिवे, वेगवेगळ्या उंचीवर. टेबलावर लोंबता, खुर्चीशेजारी उभा, कपाटावर एक, खिडकीत एक-दोन. बल्ब २७०० केल्विनचे घ्या, म्हणजे उबदार पिवळसर. खोक्यावर आरए ९० किंवा त्याहून जास्त असेल तर माणसांचे चेहरे आणि अन्नाचे रंग खरे दिसतात. स्वयंपाकाच्या ओट्यावर आणि मुलांच्या अभ्यासाला थोडा पांढरा चालतो, ३००० ते ४०००.

जेवणाच्या टेबलावरचा दिवा टेबलापासून ५५ ते ६० सेंटिमीटर उंचीवर हवा. एवढा खाली कसा, असं वाटेल, पण तो त्याच उंचीला लावून बसा. उजेड ताटावर पडतो, डोळ्यांत जात नाही. डेन्मार्कचे दिव्यांचे डिझायनर पोल हेनिंगसेन विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकापासून याच प्रश्नामागे होते: बल्ब कुठूनही थेट दिसू नये आणि उजेड मात्र पुरेपूर मिळावा. त्यांचा १९५८ सालचा पीएच-५ हा दिवा आजही असंख्य टेबलांवर दिसतो. तो महाग आहे, घ्यायलाच हवा असं नाही. घेताना दिव्याखाली बसून वर बघा, बल्ब डोळ्यांत आला तर दुसरा शोधा.

खिडकीतला दिवा कधीही वगळू नका. हिवाळ्यात इथली प्रत्येक खिडकी उजळलेली असते. नाताळच्या चार रविवार आधीपासून कागदी तारे आणि विजेच्या मेणबत्त्यांचे स्टँड लागतात आणि १३ जानेवारीच्या सुमाराला उतरतात. दिवाळीचा आकाशकंदील नोव्हेंबर संपेपर्यंत ठेवा आणि मग तारा लावा, दोन्ही एकाच हुकावर छान राहतात.

विजेच्या कामाचे नियम कडक आहेत. जुना स्विच किंवा १६ अँपिअरपर्यंतचं सॉकेट बदलणं, कोरड्या खोलीतला दिवा बदलणं हे नीट येत असेल तर फ्यूज काढून तुम्ही करू शकता. नवी वायर ओढणं, नवा पॉइंट काढणं, न्हाणीघरातलं काहीही, हे फक्त नोंदणीकृत कंपनीचं काम. स्वतः केलं आणि आग लागली तर विम्याच्या वेळी अडचण येते. जुन्या घरांतलं छतावरचं दिव्याचं सॉकेट आणि २०१९ नंतरचं नवं सॉकेट वेगळ्या आकाराचं असतं, तेव्हा दिवा घेताना छताचा फोटो सोबत ठेवा. आणि भारतातून पितळी दिवा किंवा झुंबर आणलंत, तर आपला बायोनेट होल्डर इथे चालत नाही. इलेक्ट्रिशियनकडून ई-२७ होल्डर आणि नवी वायर घालून घ्या.

६. जिना

दुमजली घर फ्लॅटपेक्षा वेगळं आहे ते जिन्यामुळे, आणि सगळ्यात दुर्लक्षही त्याचंच होतं. जिन्याची भिंत दोन्ही मजल्यांना जोडते, म्हणून खाली आणि वर निरनिराळे रंग ठरवले असले तरी जिन्याला खालच्याच मजल्याचा रंग वरपर्यंत न्या. वरच्या खोल्यांचे रंग दारापाशी सुरू होऊ द्या. घर एकसंध दिसतं.

पायऱ्यांवर न घसरणारे छोटे तुकडे चिकटवा, मोजे घालून उतरताना लाकूड फार निसरडं असतं. दिवा वरून आणि खालून दोन्हीकडून लावता-मालवता यायला हवा. लहान मूल असेल तर वरच्या टोकाला भिंतीत स्क्रूने बसवलेलं फाटक लावा, नुसतं दाबून बसणारं तिथे नको, ढकललं की सुटतं. वरच्या मजल्याच्या खिडक्यांना मुलांसाठीचं कुलूप आहे का तेही याच दिवशी बघा आणि खिडकीखाली चढता येईल असं फर्निचर ठेवू नका.

आता मापं घ्या: जिन्याची रुंदी, वळणावरची जागा, वळणावर छताची उंची, वरच्या दाराची रुंदी. ही चार मापं फोनमध्ये ठेवल्याशिवाय वरच्या मजल्यासाठी काहीही घेऊ नका. अखंड डबल बेड वळणावर हमखास अडकतो. इथे बरेच लोक ८० किंवा ९० सेंटिमीटरच्या दोन गाद्या शेजारी-शेजारी लावतात आणि दोघांची पांघरुणं वेगळी ठेवतात. छोट्या जिन्याला हे सोयीचं आहेच, झोपही चांगली लागते.

जिन्याखालची जागा उघडी ठेवू नका. तिथे सरकते कप्पे करून घेतले तर व्हॅक्यूम क्लीनर, बॅगा, तांदळाची मोठी पोती, सगळं मावतं.

७. खालचा मजला

सुरुवात दारापासून. चिखल, बर्फ, ओले बूट, प्रत्येकाचे दोन-तीन कोट, आणि गोथेनबर्गचा पाऊस. दाराच्या आत दीड-दोन मीटर टाइल, बसून बूट काढायला बाक, माणशी दोन हुक, मुलांसाठी खालच्या उंचीवर वेगळे हुक, वर टोप्या-मोज्यांची फळी. ही जागा नीट झाली नाही तर पुढे कितीही सजवा, घर पसरलेलंच दिसतं.

स्वयंपाकघरात चिमणीची गोष्ट नीट समजून घ्या. अनेक राडहूसमध्ये शेगडीवरचं हूड घराच्या सामाईक पंख्याला जोडलेलं असतं, त्याला स्वतःची मोटर नसते. आपल्या फोडणीला ते अपुरं पडतं म्हणून लोक मोटरचं हूड त्याच डक्टला जोडतात. तसं करू नका. हवेचा तोल बिघडतो, वास न्हाणीघरातून किंवा शेजाऱ्याकडे जातो. सोसायटीला विचारा. बहुधा कार्बन फिल्टरचं हूड सुचवलं जातं. त्याचा फिल्टर वेळेवर बदला, आपल्या स्वयंपाकात तो पुस्तिकेत लिहिलंय त्याआधीच संपतो.

उघड्या फळ्या दिसतात छान, पण शेगडीपासून लांब ठेवा, नाहीतर तेलाचा थर बसतो. निल्स स्ट्रिनिंग यांचं १९४९ सालचं स्ट्रिंग शेल्फ, तारेच्या बाजू आणि पातळ फळ्या, छोट्या खोलीला फार उपयोगी. भिंत त्यातून दिसत राहते, त्यामुळे जागा भरल्यासारखी वाटत नाही.

बैठकीत पाय असलेलं फर्निचर घ्या. खालची जमीन दिसली की खोली मोठी वाटते. लाकडाचे दोन प्रकार पुरेत, एक फिकट आणि एक गडद. रेडिएटरला चिकटून काही ठेवू नका, आणि त्याचा थर्मोस्टॅट पडद्याआड गेला तर खोली गरम झालीय असं त्याला वाटतं आणि बाकी खोली गारच राहते. पाहुणे खूप येत असतील तर फिनलंडचे वास्तुविशारद आल्वार आल्तो यांच्या १९३३ सालच्या तीन पायांच्या स्टुलासारखी, एकावर एक रचता येणारी स्टुलं ठेवा. एरवी कोपऱ्यात, गणपतीत सगळी बाहेर.

८. वरचा मजला

इथे मोजकंच हवं. पलंग, भिंतीतलं कपाट, एक दिवा. इथली कपाटं साधारण ६० सेंटिमीटर रुंदीच्या कप्प्यांची असतात, जुनी असली तरी काढू नका. दारं रंगवा, मुठी बदला. जूनमध्ये पहाटे चारलाच लख्ख उजाडतं, म्हणून झोपायच्या खोल्यांना पूर्ण अंधार करणारा रोलर पडदा हवाच. मुलांच्या खोलीत लोंबत्या दोरीचा घेऊ नका.

उंच कपाट आणि ड्रॉवर भिंतीला बांधा. आतल्या भिंती बहुधा प्लास्टरबोर्डच्या, शेजाऱ्याकडची काँक्रीटची. दोन्हींना वेगवेगळे प्लग लागतात, दुकानात भिंतीचा प्रकार सांगून मागा.

९. जुनं शोधा

इथल्या सेकंडहँड बाजाराचा मला फार आदर आहे. म्युरोर्ना, स्टाड्समिशोनेन, एरिक्सहेल्पेन या संस्थांच्या दुकानांत, ब्लॉकेट या जाहिरातींच्या संकेतस्थळावर आणि उन्हाळ्यातल्या लोप्पिसमध्ये, म्हणजे जुन्या बाजारात, पन्नास-साठच्या दशकातलं सागवानी, बर्चचं, पाइनचं अस्सल लाकूड मिळतं, तेही नव्या चिपबोर्डच्या किमतीत. गोथेनबर्गमध्ये आलेलिकनच्या पुनर्वापर केंद्रात जुनी दारं, कड्या, सिंकसुद्धा मिळतात.

घेताना ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून सांधे बघा. लाकडी खाटा आणि गादीच्या खुर्च्यांच्या शिवणींत ढेकणांचे काळे ठिपके शोधा, शंका आली तर सोडून द्या. वस्तू प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय स्विशने, म्हणजे इथल्या मोबाइल ॲपने, पैसे पाठवू नका.

१०. आपल्या वस्तू

फिकट भिंतीवर पितळ आणि तांबं जितकं उठतं तितकं कुठेच नाही. सगळं एकदम मांडू नका. एक समई, एक हंडा, भिंतीवर एक वारली चित्र किंवा चौकटीत लावलेला जुन्या साडीचा काठ. बाकीचं कपाटात ठेवा आणि सणाप्रमाणे बदला.

देव्हाऱ्यासाठी मधल्या पट्ट्यातली भिंत चांगली, तिथे तसाही दिवा हवा असतो. समईखाली दगडी टाइल किंवा पितळी ताट ठेवा, फिकट लाकडावर तेलाचा थेंब कायमचा राहतो. धुराचा अलार्म प्रत्येक मजल्यावर किमान एक असायला हवा. देव्हाऱ्याच्या आणि शेगडीच्या अगदी वर लावला तर उदबत्तीने रोज वाजेल आणि कुणीतरी बॅटरी काढून ठेवेल. म्हणून थोडा बाजूला, जिन्याच्या छताला लावा.

थंडी सुरू झाली की लोकरीच्या शाली, मेंढीचं कातडं, जाड उशा बाहेर काढा. एप्रिलमध्ये ते आत ठेवून सुती आणि लिनन काढा. बागेतल्या स्टोअररूममध्ये हीटर नसतो, तिथे भांडी, तारे, कंदील ठेवायला हरकत नाही. लोकर आणि गोधड्या मात्र तिथे ओल धरतात. त्या धुवून, पूर्ण वाळवून, झाकणाच्या डब्यात पलंगाखाली ठेवा.